कामठीचे दगड आणि कोतवालाची वही

आपल्याकडे पूर्वजांची नावं लक्षात ठेवायची एक अधिकृत सिस्टीम आहे. तिचं नाव श्राद्ध. त्यात तीन पिढ्या घ्यायच्या: वडील, आजोबा, पणजोबा. घरातलं कुणी गेलं की बाराव्याला सपिंडीकरण होतं, नवा माणूस पितरांच्या रांगेत उभा राहतो आणि रांगेतला सगळ्यात जुना माणूस हळूच बाहेर पडतो. आपल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ही तीन आकाराची क्यू आहे. जो आधी आला तो आधी गेला. बाहेर पडलेल्या नावाचा बॅकअप कुठेच नाही.

पटत नसेल तर करून बघा. मी आमच्या गांधीबागेत कापड बाजारातल्या ओळखीच्या चार-पाच जणांना विचारलं, पणजोबांच्या वडिलांचं नाव काय? ज्यांना दहा वर्षांपूर्वीची उधारी पैशांसकट पाठ आहे अशी ही माणसं. एकालाही सांगता आलं नाही. एक जण म्हणाला, "काहून बे, इस्टेट शोधून राहिला का?" :)

आता याच्या उलट टोक. गांधीबागेतून निघून इतवारी ओलांडून कामठी रोडला लागलं की साधारण पंधरा-सोळा किलोमीटरवर कामठीची छावणी. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथे एखादा गोरा शिपाई तापाने मेला, अगदी साधा शिपाई, तर त्याचं नाव, वय, पलटण, मेल्याची तारीख, पुरल्याची तारीख, पुरणाऱ्या पाद्र्याचं नाव आणि बरेचदा कशाने मेला तेसुद्धा आज मी रात्री जेवण झाल्यावर गादीवर लोळत शोधू शकतो. त्याचं आणि माझं काही नातं नाही. ज्याच्याशी नातं आहे तो माझा खापरपणजोबा त्याच काळात त्याच जिल्ह्यात जगला आणि मेला, आणि त्याचं नाव गूगलबाबाला ठाऊक नाही.

हा फरक नेमका कशामुळे पडला, हे शोधण्यात माझे गेल्या काही महिन्यांतले बरेच वीकांत गेले. मी इतिहासकार नाही, त्यामुळे हे सगळं एका हौशी माणसाच्या नजरेतून वाचा.

सुरुवात सीताबर्डीपासून करावी लागते. मे १८१६ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. पुढच्या वर्षी २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई पेटली आणि २७ ला दुपारपर्यंत चालली. रेसिडेंट होता रिचर्ड जेन्किन्स. त्याचा सहायक जॉर्ज सोदबी या लढाईत मारला गेला. नागपुरातल्या इंग्रजांच्या सगळ्यात जुन्या थडग्यांची गोष्ट या लढाईपासून सुरू होते. आज ज्या किल्ल्याखालून आपण बर्डीवर शॉपिंगला जातो, त्याच्या आत लढाईत पडलेल्यांच्या कबरी आहेत. तिथेच एका मजारीबद्दल सांगतात की ती टिपू सुलतानच्या नातवाची, १८५७ च्या धामधुमीत फाशी दिलेल्या नवाब कादर अलीची आणि त्याच्या साथीदारांची. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे तो सामान्य माणसाला वर्षातल्या मोजक्याच दिवशी बघायला मिळतो.

लढाईनंतर, १८२१ मध्ये, कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी वसली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढच्या सगळ्या शोधाची किल्ली ती आहे. कामठीत आलेली फौज मुंबईची नव्हती, कलकत्त्याचीही नव्हती. ती मद्रासची होती. सीताबर्डीला लढलेल्या पायदळ पलटणीही मद्रासच्याच. म्हणून कामठीत जुनी तमिळ आणि तेलुगू घरं आहेत. आपल्या नागपूरकरांना सगळ्यात जवळचं उदाहरण द्यायचं तर ताजुद्दीन बाबा. १८६१ साली त्यांचा जन्म कामठीचा, आणि त्यांचे वडील मद्रासी पलटणीत सुभेदार होते असं त्यांच्या चरित्रात सांगतात. १९२५ साली बाबा गेले आणि ताजबागेतला त्यांचा दर्गा आज आख्ख्या शहराला माहीत आहे. पण त्या घराण्याची मुळं शोधायला निघालात तर गाडी मद्रासकडे वळते.

कंपनीच्या कागदांचंही तसंच. छावणीतल्या पाद्र्याने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वह्या ठेवायच्या, त्यांच्या नकला आपल्या इलाख्याच्या राजधानीला पाठवायच्या आणि तिथून एक नक्कल बोटीने लंडनला जायची, असा नियम होता. म्हणजे मूळ प्रत चर्चमध्ये आणि दुसऱ्या खंडात ऑफसाइट बॅकअप! त्या लंडनच्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. बंगालच्या १७१३ पासूनच्या, मद्रासच्या १६९८ पासूनच्या, मुंबईच्या १७०९ पासूनच्या. सगळ्या १९४८ पर्यंत येतात. आपण नागपूर महाराष्ट्रात म्हणून मुंबईच्या यादीत शोधायला जातो आणि हाती काही लागत नाही. महाराष्ट्र झाला १९६० मध्ये हो! छावणीच्या सुरुवातीच्या दशकांतला कामठीचा मेलेला शिपाई मद्रासच्या वहीत बघायचा.

या वहीतलं एक पान कसं असतं? आडव्या ओळी, उभे रकाने. नाव, आडनाव, वय, हुद्दा किंवा धंदा, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, जागा, पाद्र्याची सही. बऱ्याच वह्यांत मृत्यूचं कारण. ताप, हगवण, पटकी, परत ताप. उन्हाळ्यापावसाळ्यातली पानं भराभर भरतात. सगळ्यात जास्त नोंदी लहान मुलांच्या. "अमक्याचा मुलगा, वय ११ महिने." मग चार ओळी खाली त्याच अमक्याची बायको. डेटाबेसमध्ये हे नुसते रेकॉर्ड दिसतात, पण स्कॅन केलेलं पान उघडलं की एकाच आडनावावर नजर दोनदा अडते आणि पुढे जावंसं वाटत नाही.

आता दगडांकडे येऊ. या सगळ्या माणसांपैकी किती जणांना दगड मिळाला? फार थोड्यांना. दगड घडवायचा, त्यावर अक्षरं कोरायची तर पैसे लागतात. अधिकारी, मोठे व्यापारी, मिशनरी, किंवा ज्याच्या पलटणीतल्या दोस्तांनी वर्गणी काढली असा एखादा नशीबवान शिपाई, एवढ्यांनाच. बाकीच्यांवर मातीचा उंचवटा आणि दोन पावसाळ्यांनंतर तोही नाही. नुसती दफनभूमी हिंडून इतिहास लिहिला तर तो अधिकाऱ्यांचा इतिहास होतो. वही ही दगडापेक्षा पुष्कळ जास्त लोकशाहीवादी आहे.

पण वहीत जे नसतं ते दगडावर असतं. कुठलं गाव, आई-बापाचं नाव, मागे कोण राहिलं, दगड कुणी बसवला. वंशावळ जोडताना "हा दगड त्याच्या भावाने बसवला" या एका ओळीने दोन घरं जोडली जातात. म्हणून दोन्ही लागतात, आणि दोन्हींची एकमेकांशी पडताळणी करावी लागते. उन्हाळ्याच्या देशात माणूस मेला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुरत, त्यामुळे वहीतली दफनाची तारीख भरवशाची असते. दगड पुष्कळदा नंतर बसवलेला, तारीख कुणाच्या तरी आठवणीतून आलेली. त्यातून चर्चच्या भिंतीवरची पाटी म्हणजे थडगं नव्हे. माणूस पुरलेला शंभर कोसांवर आणि पाटी इथे, असं सर्रास आहे.

पुण्यात नोकरी करणाऱ्यांना याचं मोठं उदाहरण रोजच्या रस्त्यावर सापडेल. खडकीच्या युद्धस्मशानात पहिल्या महायुद्धाचं एक स्मारक आहे. त्यावर १८०० हून जास्त सैनिकांची नावं आहेत. ही माणसं खडकीत पुरलेली नाहीत. भारत आणि आजच्या पाकिस्तानातल्या ज्या नागरी आणि छावणीच्या दफनभूमींची देखभाल करणं शक्य राहिलं नाही, तिथल्या सैनिकांची नावं उचलून एका ठिकाणी कोरली. म्हणजे थडगं एकीकडे, नाव दुसरीकडे. प्रोग्रामिंगवाल्यांना सांगायला नको, हा पॉइंटर आहे, त्या पत्त्यावरचा माल कधीच गेलेला असू शकतो.

देखभाल हा प्रश्न इंग्रज इथे असतानाही होताच. पाऊस, पिंपळ, गाईगुरं, आणि माणसं. अक्षरांत भरलेलं शिसं काढून नेणारी, संगमरवर काढून नेणारी, लोखंडी कुंपण काढून नेणारी. दगड जाणार हे दिसत होतं, म्हणून प्रत्येक प्रांतात कुणीतरी बसून शिलालेख उतरवून काढले. बंगालची यादी सी. आर. विल्सनने १८९६ मध्ये केली, मद्रासची जे. जे. कॉटनने १९०५ मध्ये, पंजाबची माइल्स आयर्विंगने १९१० मध्ये, संयुक्त प्रांताची ब्लंटने १९११ मध्ये. आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडाची यादी केली ओ. एस. क्रॉफ्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने, आणि ती १९३२ मध्ये इथे नागपुरातच सरकारी छापखान्यात छापली गेली. नुसते लेख उतरवून तो थांबला नाही, माणसांची थोडक्यात चरित्रंही जोडली. पुढे १९४१ मध्ये त्याने निजामाच्या राज्यातल्या थडग्यांचीही यादी केली. आज एखादा दगड पडला, फुटला, भुईसपाट झाला तरी क्रॉफ्टनच्या पुस्तकात त्याची अक्षरं शाबूत आहेत. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. सुट्टीच्या दिवशी दफनभूमीत उभं राहून शेवाळ खरवडून वाचायचं आणि लिहून घ्यायचं, हे काम काय बढतीसाठी केलं असेल?

नंतर, १९७६ मध्ये, थिऑन विल्किन्सनने लंडनमध्ये दक्षिण आशियातल्या दफनभूमींसाठी एक संस्था काढली. ती आजही जुन्या दफनभूमींची वर्णनं आणि फोटो जमवते. १९९८ मध्ये ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांची संस्था निघाली, तिचा डेटाबेस आंतरजालावर फुकट शोधता येतो. २०१४ पासून लंडनच्या वह्यांची स्कॅन केलेली पानं पैसे भरून घरबसल्या दिसतात. ऑस्ट्रेलियातला कुणी निवृत्त माणूस तिथून पणजीचं नाव टाकतो आणि कामठीचं पान त्याच्यासमोर उघडतं.

शोधताना एक टेक्निकल गंमत. नावांची स्पेलिंगं भयंकर. कामठीचीच चार रूपं, नागपूरची तेवढीच, सीताबर्डीबद्दल तर बोलायलाच नको. त्यासाठी साउंडेक्स वापरतात. आपण एसक्यूएलमध्ये जे फंक्शन कॉलेजात परीक्षेपुरतं शिकलो आणि विसरलो, तेच हे. सारख्या उच्चाराच्या नावांना एकच कोड देणारी ही युक्ती अमेरिकेत १९१८ मध्ये पेटंट झाली, कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी, आणि जनगणनेच्या कार्डांवर नावं शोधायला वापरली गेली. पण ती इंग्रजी नावांसाठी. मराठी आडनावांपुढे ती हात टेकते. मराठी आडनावांसाठी असं काही नीट कुणी बसून करायला हवं. (रिकामा वीकांत असलेल्यांनी विचार करावा!)

आणि सर्व्हरवर आहे म्हणजे सुरक्षित आहे असंही समजू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोर हॅकर्सचा हल्ला झाला आणि त्यांचा कॅटलॉग कित्येक आठवडे बंद पडला. दगडाला पिंपळ फोडतो, सर्व्हरला हे.

बरं, या वह्यांत कोण नाही? गोऱ्या सैनिकाच्या घरात राहिलेली हिंदुस्थानी बाई बरेचदा नाही. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव, हुद्दा, पलटण असतं, आणि आईच्या जागी नुसतं "एक देशी स्त्री", नाहीतर तेवढंही नाही. आज परदेशात बसून शोध घेणाऱ्या कित्येकांची वंशावळ इथे येऊन भिंतीला धडकते. वडिलांकडची बाजू स्कॉटलंडच्या एखाद्या खेड्यापर्यंत जाते आणि आईकडची बाजू कामठीच्या बाजारात हरवते. नागपुरातल्या मराठी ख्रिस्ती घरांची नावंही लंडनच्या प्रतींत तुटक तुटक. त्यांनी आपल्या मंडळीच्या चर्चमधली मूळ वही आधी बघावी.

मिशनरींचा विषय निघालाच आहे तर स्टीफन हिस्लॉपबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत, हिस्लॉप कोण ते फार कमी जणांना. स्कॉटलंडचा हा माणूस १८४५ मध्ये नागपुरात आला. शाळा काढली, आणि उरलेल्या वेळात दगड, जीवाश्म, गोंडांच्या भाषा असं काय काय जमवत हिंडला. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळं बघायला गेला होता. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल बरोबर होता. ४ सप्टेंबरच्या रात्री बोरीकडे परतताना पुराच्या नाल्यात तो घोड्यासकट सापडला आणि बुडाला. बोरी म्हणजे आपल्या आजच्या बुटीबोरीचा परिसर, जिथे आता एमआयडीसी आहे. त्याचे कागद टेंपलने १८६६ मध्ये संपादून छापले. ती शिलावर्तुळं म्हणजे काय तर लोहयुगातली दफनं. नागपूरच्या भोवती अशी शेकडो वर्तुळं आहेत. काटोल रोडला जुनापाणीलाच सुमारे ३००. मोठमोठे दगड गोल मांडलेले, आत माणसाची हाडं, लोखंडी हत्यारं, भांडी, कुठे कुठे घोडासुद्धा. म्हणजे ज्या जमिनीवर आपण "आमच्यात थडगी नसतात" म्हणतो, तिथे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी लोक मेलेल्यांसाठी एवढाले दगड ओढत होते. फक्त त्यांच्यावर नाव नाही.

तसं "आमच्यात थडगी नसतात" हेही निम्मंच खरं. लिंगायत पुरतात, महानुभाव पुरतात, गोसाव्यांच्या समाध्या असतात. राजांसाठी छत्र्या, आमच्या जुन्या शुक्रवारीत भोसल्यांच्या आहेतच. मुसलमानांच्या कबरी साध्या, बहुतेक बिननावाच्या, जागा फिरून वापरात. पण मराठी अक्षरं कोरलेली थडगी बघायची असतील तर कोकणात जा. बेने इस्रायली लोक, म्हणजे आपले शनवार तेली. अलिबागजवळ नवगावला त्यांचं जुनं दफनस्थान आहे. जहाज फुटून सात जोडपी किनाऱ्याला लागली आणि बुडालेल्यांना इथे पुरलं, अशी त्यांची परंपरा सांगते. ते जुने उंचवटे बिननावाचे. पुढच्या काळात मात्र या समाजाच्या दगडांवर हिब्रूबरोबर मराठी येतं. आणि आडनावं गावांवरून: रोहेकर, पेणकर, दिवेकर. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली. तिथून "मायबोली" नावाचं मराठी नियतकालिकसुद्धा त्यांनी चालवलं. आता तिकडची नातवंडं आडनावावरून गाव शोधत येतात आणि आजोबांच्या बापाचा दगड हुडकतात. दगडावर मराठी, आणि वाचणाऱ्याला मराठी येत नाही, असाही प्रसंग येतो.

आता आपल्याकडे. गंगाबाई घाटावर ज्याची राख झाली त्याचं काय उरतं? घाटावरची पावती, आणि तिच्यावरून निघालेला दाखला. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतर हे सगळीकडे सक्तीचं. त्याच्या मागे गेलं की शहरात नगरपालिकेची रजिस्टरं. नागपूरची नगरपालिका १८६४ ची, म्हणजे तशी पुष्कळ जुनी. तीर्थक्षेत्राला गेलेलं घर असेल तर तिथल्या उपाध्यायाच्या वहीत कुळाची नावं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, प्रयाग. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या लोकांनी हरिद्वार वगैरे ठिकाणच्या अशा वह्यांची मायक्रोफिल्मसुद्धा काढली आहे. पण तीर्थाला जायला पैसे लागत. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्यासाठी विदर्भात एकच गोष्ट आहे, कोतवाल बुक.

ज्यांना जात पडताळणीच्या चक्रातून जावं लागलं त्यांना हा शब्द माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. इंग्रजी अमलात मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात गावच्या कोतवालाने गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू कळवायचा असे. कोतवाल बहुधा निरक्षर. तो वही घेऊन जायचा, तोंडी सांगायचा, आणि लिहिणारा दुसराच कुणीतरी. अमुक वल्द तमुक. बाई असेल तर अमुक जौजे तमुक. जात, वय, तारीख, मृत्यूचं कारण. ताप, हगवण, पटकी, देवी. कामठीच्या पाद्र्याच्या वहीशी ताडून बघा. रकाने जवळजवळ तेच, रोगही तेच. फक्त इथे जातीचा रकाना जास्त आहे.

आणि त्या एका रकान्यामुळेच या वह्या आज जिवंत आहेत. जातवैधतेसाठी जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. पोराचं इंजिनीअरिंगचं ॲडमिशन पणजोबाच्या मृत्यूच्या नोंदीवर अडतं. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तिनेही जन्म-मृत्यूचा गाव नमुना चौदा आणि कोतवाल बुकं तपासली. परदेशातला माणूस हौस म्हणून पूर्वज शोधतो. आपल्याकडे तो शोध फीच्या रकमेशी आणि सीटशी बांधलेला आहे. त्यामुळे घरोघरी झेरॉक्स असते, तिच्यातल्या जातीच्या शब्दाखाली पेनाने रेघ मारलेली, आणि त्या ओळीतलं बाकी काही कुणी वाचलेलं नसतं.

आमच्याही घरी अशी झेरॉक्स होती. चुलत बहिणीच्या ॲडमिशनच्या वेळी काकांनी काढलेली. काम झालं, फाइल माळ्यावर. ती मी नीट वाचली तेव्हा दिसलं की ओळ आहे माझ्या खापरपणजोबांची, आणि "वल्द" पुढे त्यांच्या वडिलांचं नाव आहे. क्यूमधून कधीचं बाहेर पडलेलं नाव, आमच्याच माळ्यावर. मग काकांना घेऊन गेलो आणि त्या गावचा तो सबंध खंड बघायला मागितला. नक्कल एका ओळीची मिळते, पण सरळ विचारलं तर पान चाळू देतात. कागद असा की उलटताना कडा हातात येतात. काही पानं मोडीत, काही बाळबोध.

खंडात १९१८ चं वर्ष होतं. त्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे मानमोडी म्हणायचे, आणि मध्य प्रांत-वऱ्हाड हा देशातल्या सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या प्रांतांपैकी एक. त्याआधीच्या महिन्यांत पानावर चार-पाच नोंदी. ऑक्टोबरमध्ये पानांमागून पानं. कारण एकच, ताप. मग खाली नुसत्या दोन टिंबा, म्हणजे वरच्याप्रमाणे. लिहिणाराही थकला असणार.

त्यात आमचं घर तीनदा आलं, आठ दिवसांत. खापरपणजोबांचा धाकटा भाऊ, वय २२. याच्याबद्दल घरात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. काकांनी नाव तीनदा वाचलं, मग म्हणाले, "आजी एक दिवा जास्त लावायची दिवाळीत. कुणासाठी ते आम्ही कधी विचारलंच नाही." त्या दिव्याचा आणि या नावाचा संबंध आहे की नाही, ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. दुसरी नोंद त्या भावाच्या बायकोची. जौजे अमुक, तिचं स्वतःचं नाव कोतवालाने सांगितलेलं नाही किंवा लिहिणाऱ्याने लिहिलेलं नाही. तिसरी नोंद तिच्या दोन दिवस नंतरची. मुलगी, वय चार दिवस, नावाच्या जागी आडवी रेघ.

मी तिन्ही ओळींच्या नकलांसाठी अर्ज दिला. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, कोणत्या कामासाठी? फॉर्मवर तसा रकाना आहे: शिक्षण, नोकरी, निवडणूक, इतर. मी "इतर"वर खूण केली. त्याच्या आधीचे खंड मोडीत आहेत, म्हणून सध्या शनिवारी सकाळी मोडीचा वर्ग लावला आहे. क आणि फ मध्ये अजून गोंधळ होतो.